बाबांचं एक सुताचं किकरं

24 ऑगस्ट 2024, शनिवार. त्या संध्याकाळी मी म्हापशाच्या बाहेरच्या एका फर्निचर वर्कशॉपातलं काम सोडलं. आठ दिवस आधी सांगून सोडलं. नऊ वर्षं तिथे काढली होती. पाऊस असा कोसळत होता की रस्त्याच्या पलीकडचं दिसत नव्हतं, आणि माझ्याकडे स्कूटर. हत्यारांची पेटी एकट्याने उचलत नाही, स्कूटरवर तर ती मावतच नाही. सोमवारी गोकुळाष्टमी, वर्कशॉप बंद. म्हणून मुकादमाला म्हटलं, "मंगळवारी भावोजींचं पिकअप घेऊन येतो, तोवर पेटी कोपऱ्यात राहू दे." तो म्हणाला, "राहू दे की. कोण खातोय?"

मंगळवारी गेलो तर पेटी कोपऱ्यात नव्हती.

पात्रांव केबिनमध्ये होते. गोव्यात मालकाला आम्ही पात्रांव म्हणतो. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "पयलीं पयशे, मागीर हातेरां." आधी पैसे, मग हत्यारं.

पैसे कसले ते सांगतो, कारण सगळं भांडण त्यावरूनच झालं. मे महिन्यात, पावसाआधी, घराची कौलं बदलायची होती. तेव्हा मी 20,000 रुपये उचल घेतली. जून आणि जुलैत पगारातून सहा-सहा हजार कापून 12,000 फिटले. राहिले 8,000. पण ऑगस्टचे माझे 20 दिवस भरले होते, रोज 1,100 प्रमाणे 22,000. म्हणजे उचल वजा केली तरी पात्रांवच मला 14,000 देणं लागत होते. हा हिशेब मी तिथेच एका कागदावर मांडून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो कागद पालथा ठेवला. म्हणाले, पर्वरीच्या फ्लॅटचं किचन अर्धवट टाकून गेलास, त्याचं नुकसान कोण भरणार? ते किचन मी सोडायच्या चार दिवस आधी पुरं झालं होतं आणि त्याचे फोटो त्यांनी स्वतःच गिऱ्हाइकाला पाठवले होते.

मी हात जोडले. म्हटलं, पगार नंतर द्या, पण पेटी द्या, उद्यापासून मला काम आहे. ते उठून बाहेर गेले.

आमच्या धंद्याची रीत अशी की मोठी यंत्रं मालकाची, म्हणजे पॅनेल सॉ, रंधा मशीन, कॉम्प्रेसर. हातातली हत्यारं सुताराची. नवा पोरगा कामाला येतो तो निदान स्वतःची हातोडी आणि दोन पटाश्या घेऊन येतो. माझी पेटी फणसाच्या लाकडाची, बाबांनी केलेली. आत तीन रंधे, सात पटाश्या, पाच किकरी (बारीक खाच कोरायच्या अरुंद पटाश्या), दोन करवती, गुण्या, गिरमिट, अंबूर, कानशी, सहा सी-क्लॅम्प, धारेचे दोन दगड. शिवाय मी पगारातून साठवून घेतलेली यंत्रं: राऊटर, ट्रिमर, जिगसॉ, ड्रिल. पुढे यादी केली तेव्हा सगळे मिळून 63 नग भरले. यंत्रांची आणि क्लॅम्पची बिलं जोडली तर बेचाळीस हजारांच्या आसपास. बाकीच्यांची बिलं नव्हतीच, ती बाबांकडून आलेली.

त्यातल्या एका किकऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. गोव्याच्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या खिडक्या असतात. काच सर्रास मिळत नव्हती त्या काळात चपटे, पातळ, अर्धपारदर्शक शिंपले कडा कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवत. ऊन त्यातून येतं ते दुधासारखं येतं. अशा खिडकीची पट्टी कुजली की नवी करावी लागते, आणि तिची खाच एवढी बारीक असते की बाजारातलं हत्यार तिच्यात जात नाही. बाबांनी त्यासाठी जुन्या कानशीचं एक किकरं केलं होतं, बरोबर एक सूत रुंदीचं. इंचाचा आठवा भाग. करवंटीच्या कोळशावर कानस लाल करून राखेत सावकाश निववली, घासून आकार दिला, पुन्हा तापवून तेलात विझवली, आणि शेवटी पात्याला गवती पिवळा रंग चढेपर्यंत हलक्या आचेवर धरली. तो रंग आला त्या क्षणी बाजूला घ्यायची; निळा झाला की धार टिकत नाही. मूठ पेरूच्या लाकडाची, तीवर तापल्या तारेने बाबांच्या नावाचं पहिलं अक्षर. मी तेव्हा सातवीत होतो, भाता हलवायला बसलो होतो. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली.

आणि मला मिळालेलं काम नेमकं तेच होतं. हळदोण्याच्या एका जुन्या घरातल्या शिंपल्यांच्या तीन खिडक्या. त्याच्याच भरवशावर मी नोकरी सोडली होती. वर्कशॉपात आता प्लायवूड आणि लॅमिनेटशिवाय काही उरलं नव्हतं. म्हापशाच्या हार्डवेअर दुकानांत फिरलो, पाव इंचाच्या खालची पटाशी कुठे मिळाली नाही. एक पाव इंची घेऊन ग्राइंडरवर बारीक केली. कड निळी पडली आणि दुसऱ्याच ठोक्याला वळली. घरमालकीण बाईंना फोन करून सांगितलं, थोडे दिवस थांबा. त्या म्हणाल्या, "खिडक्या सत्तर वर्षं थांबल्या आहेत रे, आणखी थोड्या थांबतील." त्या शब्दांनी मला फार धीर आला.

त्याच आठवड्यात वर्कशॉपातला एक जुना सोबती रात्री घरी आला. म्हणाला, पेटी मागच्या शेडमध्ये आहे, रविवारी कुणी नसतं, मी मागचं दार उघडं ठेवतो, तू पिकअप घेऊन ये. खरं सांगतो, मी दोन रात्री त्याचाच विचार केला. बायकोने अडवलं. ती म्हणाली, "आज त्यांनी तुझं ठेवून घेतलंय. रविवारी तू कुलपाच्या आत गेलास की चोर तू." पुढे वकीलबाईंनी हेच सांगितलं: दुसऱ्याच्या बंद जागेत शिरून आपलीच वस्तू आणली तरी गुन्हा आपल्यावर नोंदवला जाऊ शकतो, वर त्या सोबत्याची नोकरी जाते. कुणी या अवस्थेत असेल तर कळकळीने सांगतो, हे करू नका.

चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट, ती दरवर्षी मी ठाकठीक करतो. त्या वर्षी शेजाऱ्याची करवत मागून आणली.

चतुर्थी झाल्यावर मी स्वतःच पत्र लिहिलं. मराठीत, एका पानाचं. कधी काम सोडलं, पेटी कुठे आणि कुणाला सांगून ठेवली, कधी मागितली, काय उत्तर मिळालं, आणि सोबत 63 नगांची यादी. दहा दिवसांत पेटी द्यावी, असं शेवटी. 17 सप्टेंबरला म्हापशाच्या पोस्टातून पोचपावतीसह रजिस्टर केलं. आठवड्याने पाकीट परत आलं, वर शेरा: घेण्यास नकार. मला वाटलं, सगळं फुकट गेलं. पाकीट फोडून पत्र पुन्हा साध्या टपालाने पाठवायला निघालो होतो. नशिबाने फोडलं नाही. नंतर कळलं की बरोबर पत्त्यावर रजिस्टरने पाठवलेलं पत्र समोरच्याने नाकारलं तरी ते पोचलं असंच कायदा धरतो, आणि तो नकाराचा शेरा मारलेलं बंद पाकीट हाच त्याचा पुरावा. ते बंदच ठेवायचं. माझ्या सगळ्या कागदांत शेवटी सर्वांत वजनदार ठरलं ते हे न फोडलेलं पाकीट.

मग पोलीस. ठाण्यातल्या हवालदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा मालक-नोकराचा व्यवहार, दिवाणी मामला. कोर्टात जा." मी लेखी तक्रार देऊन तिच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख तेवढी मागून घेतली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, तिच्या 316 व्या कलमात विश्वासाने सोपवलेली वस्तू बेइमानीने स्वतःची करणं हा गुन्हा आहे. पण बेइमानी दाखवावी लागते, आणि पात्रांव म्हणत होते की मी फक्त पैशांसाठी ठेवलंय. पोलिसांनी पुढे काही केलं नाही. शिक्क्याची प्रत मात्र कामाला आली.

पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवन आहे, तिथे श्रम खात्यात गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं. म्हणाले, पगाराचा अर्ज घेतो, हत्यारांचा विषय आमच्या हातात नाही. पण त्यांनी एक गोष्ट समजावली. उचल दिली असेल तर ती पगारातून कापून घ्यायची वाट तेव्हा लागू असलेल्या 1936 च्या वेतन कायद्यातच दिलेली होती. मालकाला ती मोकळी होती. कामगाराची वस्तू अडकवून वसूल करायची वाट त्यात कुठेच नव्हती. मी अर्ज देऊन पोच घेतली आणि कदंबची बस पकडून परतलो.

दसरा 12 ऑक्टोबरला आला. आमच्या घरी दसऱ्याला हत्यारं पुजतात. आदल्या दिवशी पेटी रिकामी करून एकेक हत्यार पुसायचं, तेल लावायचं, धार बघायची. सकाळी पाटावर मांडायची, गंध, झेंडू, आपट्याची पानं. त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावायचा नाही, रंध्यालासुद्धा विसावा. बाबा गेले त्या वर्षीसुद्धा हे चुकलं नव्हतं. या वेळी पाटावर ठेवायला माझ्याकडे होती खिशातली पेन्सिल, एक फूटपट्टी आणि ती वळलेली पटाशी. आईने तीनच वस्तूंना गंध लावलं. काही बोलली नाही. मुलीने विचारलं, "आजोबांचा रंधा कुठाय?" मी उठून मागच्या अंगणात गेलो.

तोपर्यंत अनेकांनी सांगितलं होतं, जाऊ दे रे, नवीन घे. पीएम विश्वकर्मा योजनेत सुताराला हत्यारांसाठी 15,000 चं व्हाउचर मिळतं हेही कुणी सांगितलं. चांगली योजना आहे, मी नावही नोंदवलं. पण दसऱ्याच्या त्या पाटाकडे बघून मी ठरवलं की माझं मी आणणारच.

सोमवारी, 14 तारखेला, म्हापशाच्या कोर्टात गेलो. वकील परवडणार नव्हता. तिथे तालुका विधी सेवा समिती असते हे मला एका रिक्षावाल्याने सांगितलं. 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले, अशांना फुकट वकील मिळतो. 15100 या नंबरावर फोन करूनही माहिती देतात. मी एक पानाचा अर्ज भरला, आधार कार्ड जोडलं, आणि आठवडाभराच्या आत वकीलबाई नेमून मिळाल्या. पैसा लागला नाही.

वकीलबाई तरुण होत्या, पण कागद वाचायची त्यांची पद्धत मला आवडली. घाई नाही. यादी वाचता वाचता किकऱ्यापाशी थांबल्या. "याची किंमत काय लिहू?" मी म्हटलं, "काय लिहिणार? बाजारात मिळत नाही." त्या म्हणाल्या, "हेच पाहिजे." विशिष्ट वस्तूच परत द्या असा हुकूम कोर्टाकडून मागायचा तर 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्यात आधार आहे: पैशांनी जिची भरपाई होत नाही अशी वस्तू. राऊटरसाठी पैसे चालतील, वडिलांच्या हातच्या हत्यारासाठी नाही. मग त्यांनी करार कायद्याचं 171 वं कलम काढलं. जुन्या येण्यासाठी हातात आलेली दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवायचा सर्वसाधारण हक्क कायद्याने बँका, अडते, बंदरातले धक्केवाले अशा मोजक्यांनाच दिलाय. इतरांना तो हवा तर तसा स्पष्ट करार लागतो. माझा तर कुठलाच करार नव्हता.

आणि मग जे त्यांनी सांगितलं ते मी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं 60 वं कलम. कोर्टाने एखाद्यावर कर्जाचा हुकूमनामा केला, जप्ती काढली, तरी कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. 1908 पासूनचा कायदा आहे. त्याच यादीत कपडेलत्ते, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, शेतकऱ्याची अवजारं. म्हणजे मी खरोखर पात्रांवचं मोठं देणं लागत असतो, कोर्टानेही ते मान्य केलं असतं, तरी बेलिफाला माझ्या रंध्याला हात लावता आला नसता. आणि इथे आठ हजारांसाठी, तेही फिटलेल्या, अख्खी पेटी दोन महिने शेडमध्ये पडली होती. मी त्या बाकावर बसून राहिलो. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी सुताराचा विचार करून ती ओळ लिहिली होती, याचं मला भरून आलं.

22 ऑक्टोबरला नोटीस गेली. या वेळी पात्रांवनी ती घेतली, वकिलाचं नाव बघून असेल. नोव्हेंबरच्या मध्याला उत्तर आलं: आमच्याकडे याची कुठलीही हत्यारं नाहीत, जी आहेत ती वर्कशॉपची आहेत, उलट याच्याकडूनच नुकसानभरपाई 45,000 येणं आहे.

तेव्हा प्रश्न उरला एकच: ही माझी हे दाखवायचं कसं. हत्याराला सात-बारा नसतो. मी आणि बायको दोन रात्री मोबाइल चाळत बसलो. राऊटर आणि जिगसॉची बिलं माझ्याकडे नव्हती, पण म्हापशाच्या दुकानदाराने माझ्या फोन नंबरावरून संगणकात शोधून ती पुन्हा छापून दिली. राऊटरच्या वॉरंटी कार्डावर सिरीयल नंबर होता, तोच यंत्राच्या अंगावर कोरलेला असतो. सहा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याचा फोटो सापडला, पाटावर मांडलेली सगळी हत्यारं, मागे आमच्या घराची भिंत. मोठं करून बघितलं तर रंध्याच्या डोक्यावरची भेग आणि मुठींवरची अक्षरं दिसत होती. आणि किकऱ्यासाठी हळदोण्याच्या बाई देवासारख्या धावून आल्या. गेल्या वर्षी त्यांचीच एक खिडकी मी सुट्टीच्या दिवसांत केली होती, तेव्हा त्यांनी मुलाला दाखवायला व्हिडिओ काढला होता. त्यात मी खाच कोरतोय, किकरं स्वच्छ दिसतंय, आणि त्यांचा आवाज विचारतोय, "हे एवढंसं कुठून आणलंस?" आणि मी सांगतोय, "बाबांनी केलंय."

तो व्हिडिओ वकीलबाईंनी बघितला आणि म्हणाल्या, बस.

माझी चूक इथे मला कळली. हे सगळं मी नऊ वर्षांपूर्वी, कामाला लागलो त्या दिवशी करायला हवं होतं. एक यादी, दोन प्रती, एकीवर मुकादमाची सही. आता माझ्या पेटीच्या झाकणाच्या आत यादी चिकटवलेली आहे, यंत्रांचे नंबर तिच्यात आहेत, आणि दर दसऱ्याला फोटो काढतो तो आईलाही पाठवतो.

पुरावे त्यांच्या वकिलाकडे पोचल्यावर पुढचं सोपं झालं. दावा लावण्याआधी समितीपुढे समेटासाठी दोघांना बोलावलं, 27 नोव्हेंबरला. मध्यस्थापुढे जे बोलणं होतं ते बाहेर सांगायचं नसतं, म्हणून ते लिहीत नाही. बाहेर आलो तेव्हा कागदावर सह्या होत्या: यादीप्रमाणे पेटी 7 डिसेंबरला परत, पगाराचे 14,000 दोन हप्त्यांत, हरवलेल्या नगांची किंमत वेगळी. नुकसानभरपाईची मागणी त्यांनी सोडली. तसं झालं नसतं तर दावा लावायची माझी तयारी होती. मागणी केल्यावर नकार मिळाला त्या दिवसापासून तीन वर्षांची मुदत असते, आणि नकाराची तारीख माझ्या बंद पाकिटावर छापलेलीच होती.

7 डिसेंबरला भावोजी आणि मी पिकअप घेऊन गेलो. यादीच्या तीन प्रती, पेन, मोबाइल चार्ज केलेला. वकीलबाईंनी बजावलं होतं, "सर्व मिळाले" अशा कागदावर सही करू नका. जे हातात आलं त्यावरच खूण करा. पात्रांव समोर आले नाहीत. मुकादमाने दोन पोरांना सांगून पेटी शेडमधून ओढत आणली. फणसाचं लाकूड म्हणून तग धरून होतं, पण तळ फुगलेला. अर्धा पावसाळा ती ओल्या प्लायच्या तुकड्यांखाली पडली होती. झाकण उघडलं आणि गंजाचा वास आला. तेल न लावलेलं पोलाद आमच्याकडच्या पावसात पंधरा दिवसांत तांबेरतं, इथे तर साडेतीन महिने. पटाश्यांवर लाल थर. बाबांच्या लाकडी रंध्याची पाचर फुगून अशी बसली होती की पातं निघेना.

मी वर्कशॉपाच्या जमिनीवर फतकल मारून बसलो आणि एकेक नग काढून यादीवर खूण केली. भावोजी व्हिडिओ काढत होते. कामं थांबली होती, पोरं लांबून बघत होती. दीड तास लागला. 63 पैकी 57 निघाले. ट्रिमर नाही, दोन क्लॅम्प नाहीत, एक कानस नाही, एक राऊटर बिट नाही. आणि किकऱ्याची खाच रिकामी.

मी म्हटलं, "ते मिळाल्याशिवाय उठणार नाही." आवाज चढवला नाही, पण मुकादमाला कळलं असावं. त्याने आत हाक मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत विचारलं. पॉलिशच्या खोलीतून एक पोरगा आला, सतरा-अठराचा, नवीन. त्याने पँटच्या खिशातून किकरं काढलं. "डब्यांची झाकणं उघडायला दिलं होतं मला," तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं काका." मूठ पॉलिशने चिकट झाली होती. टोक तुटलं होतं, तिरपं, दीड सूत तरी. मी त्याला म्हटलं, तुझा काही दोष नाही. खरंच नव्हता. यादीवर खूण केली आणि पुढे लिहिलं: टोक तुटलेलं. मुकादमाने खाली सही केली. सही करताना तो हळूच म्हणाला, "पेटी शेडमध्ये मीच ठेवली रे. सांगितलं म्हणून ठेवली." मी काही उत्तर दिलं नाही. नऊ वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो.

ट्रिमर आणि बाकीच्या नगांचे 4,500 पुढे मिळाले, पगाराचा दुसरा हप्ता जानेवारीत.

रविवारी सकाळी रॉकेल, बारीक पॉलिश पेपर आणि खोबरेल घेऊन बसलो. आई शेजारी बसून फडक्याने पुसत होती. रंध्याची पाचर उन्हात सुकल्यावर दुपारी आपसूक सुटली. किकरं सगळ्यात शेवटी घेतलं. ग्राइंडरला लावायची हिंमत झाली नाही. तापलं तर बाबांनी दिलेलं पाणी उतरणार. दगडावरच घासत बसलो, पाण्याचे थेंब टाकत, तुटका भाग जाईपर्यंत. दिवेलागण झाली. दीड सूत आखूड झालं, पण टोकाला अजून तेच कडक पोलाद होतं. अंगठ्याच्या नखावर टेकवलं, सरकलं नाही, रुतलं.

सोमवारी हळदोण्याला गेलो. बाईंनी शिंपले ऑगस्टपासून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते, पुड्यांवर पेन्सिलने आकडे घातले होते. मी सागाच्या पट्टीवर दोन रेघा मारल्या आणि पहिली खाच कोरली. शिंपला अर्ध्यापर्यंत गेला आणि अडला. काढला, खाचेत फुंकर मारली, किकऱ्याने एक बारीक साल काढली, पुन्हा सरकवला. या वेळी तो शेवटपर्यंत गेला.